सरांची विटा गाडी आणि एक्सेलमधला रिकामा चौकोन

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. सगळी नाही, पण एक्सेलची शीट मी बनवली होती आणि ज्या चौकोनात काहीच लिहिलेलं नव्हतं त्या चौकोनानं पहिलं बक्षीस ठरवलं, त्यामुळं कुणी बोट दाखवायच्या आत मीच हात वर करतो.

तर सांगलीतलं एक कॉलेज. नाव घेत नाही, मी तिथंच शिकलोय आणि दाखल्याबिखल्याला अजून जावं लागतं. मागच्या फेब्रुवारीत तिथं गेम बनवायची स्पर्धा घेतली. दोन दिवस दोन रात्री पोरांनी लॅबमध्येच मुक्काम ठोकायचा, तिसऱ्या दिवशी दुपारी चार जज येणार, गेम खेळणार, शंभरपैकी मार्क देणार, त्याची सरासरी काढायची, ज्याची जास्त तो पहिला. पंधरा हजार, आठ हजार, पाच हजार. मी मार्केट यार्डात काकांच्या बेदाण्याच्या आडतीवर हिशोब बघतो आणि गेम शाळेपासनं खेळतो, म्हणून मला फोन आला की तू ये, तुला फक्त आकडेमोड बघायचीय. त्या 'फक्त'चा हिशोब अजून चुकता व्हायचाय.

जजची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं त्यांच्या हातावर आहे. पहिले सर, विट्याकडचे, दुसऱ्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. पेपर तपासून तपासून हात असा बसलाय की साठ म्हणजे फर्स्ट क्लास, सत्तर म्हणजे डिस्टिंक्शन, आणि त्याच्या पुढं जायला पोरानं काहीतरी चमत्कार दाखवायला लागतो. दुसरा पुण्याचा पोरगा, गेमच्या कंपनीत कामाला, रिव्ह्यू वाचत वाढलेला, त्याच्या डोक्यात सत्तर म्हणजे 'ठीकाय'. तिसऱ्या ताई, बालनाट्याची शिबिरं घेतात (सांगलीत नाटकवाला माणूस बोलावला नाही तर कार्यक्रम झाल्यासारखा वाटतच नाही, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं नाटक केलं ते आम्ही अजून कुणाला विसरू देत नाही). ताईंना आवडलं तर नव्वदच्या वर, नाही आवडलं तर तीस. चौथे शेठ. कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि बक्षिसाचे पैसे त्यांचेच. शेठनी नऊच्या नऊ गेमला ८० ते ८४ च्या आतच मार्क दिले, सगळी आपलीच पोरं, कुणाला कशाला नाराज करायचं.

नऊ गेममधले तीन महत्त्वाचे. एकाचं नाव 'पूर'. २०१९ चा ऑगस्ट, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, ते दिवस. होडी घेऊन गल्लीबोळातनं जायचं आणि गच्चीवरची माणसं उतरवायची. होडीत जागा सहा जणांची आणि प्रत्येक गच्चीवर सातवा माणूस उभा असतो. बास, एवढाच गेम. दुसरा 'घाट', खंबाटकीतनं एसटी काढायची, ब्रेक तापू द्यायचे नाहीत आणि वरच्या रॅकवरच्या पिशव्या पडू द्यायच्या नाहीत. नवीन काही नाही पण एकदम गुळगुळीत, हातात घेतला की सुटत नाही. तिसरा 'जवारी', मिरजेच्या दोन मुलींचा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसाएवढा इकडंतिकडं सरकवायचा आणि आवाज कधी खुलतो, म्हणजे जवारी कधी लागते, ते कानानं ओळखायचं. त्यातल्या एकीच्या घरात वाद्यं बनवायचंच काम आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, त्याचा छोटा कागदही त्यांनी पोस्टरवर चिकटवला होता.

आता मार्क. क्रम सर, पुणेकर, ताई, शेठ.

पूर: ५८, ७२, ९४, ८२. सरासरी ७६.५.
घाट: ७०, ८०, ७५, ८२. सरासरी ७६.७५.
जवारी: रिकामं, ७४, ७६, ८३. सरासरी ७७.६७.

ते 'रिकामं' बघा. सरांची साडेपाचची विटा गाडी होती. सात गेम होईपर्यंत पाच वाजून गेले, सर शीटवर सही करून, "बाकीचं तुम्ही बघा" म्हणून पिशवी उचलून स्टँडवर. राहिले ते दोन गेम, त्यातला एक जवारी. आणि एक्सेलमधलं सरासरीचं सूत्र काय करतं, रिकामा चौकोन दिसला की तो सोडून देतं आणि उरलेल्यांना उरलेल्यांनी भागतं. शून्य लिहिलं असतं तर शून्य धरलं असतं. मला हे माहीत होतं. रोज वापरतो. पण स्टेजवर माईक टेस्टिंग चालू, चहा संपलेला, शेठना दुकान बंद करायला जायचंय, मी सूत्र ओढलं खालपर्यंत, मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावलं आणि प्रिंट मारली. जवारी पहिला, घाट दुसरा, पूर तिसरा. टाळ्या, फोटो, ट्रॉफी.

तक्रार आली ती पूरच्या पोरांची. आणि ती वेगळीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सरळ आडतीवर हजर. त्यांचं म्हणणं, सरांनी आम्हाला ५८ दिले ते गेमचे नाहीत, लॅबच्या पीसीचे आहेत. लॅबमधले पीसी जुने, ग्राफिक्स कार्ड नाही, पाण्याच्या लाटा सुरू झाल्या की सगळं अडकत अडकत चाललेलं. सरांनी शेऱ्यात तसं लिहिलंही होतं, "बोट हलत नाही". पुणेकरानं तोच गेम स्वतःच्या लॅपटॉपवर खेळला, ताईंनी पोरांच्या लॅपटॉपवर. म्हणजे चार जणांनी एकाच नावाचे दोन-तीन वेगवेगळे गेम खेळले म्हणायचं. "दादा, सरांनी ६३ जरी दिले असते तरी आम्ही पहिले होतो," हे ते रात्रीच काढून आले होते. बरोबर होतं. ५८ चे ६३ केले की पूर ७७.७५ वर जातो.

मी ऐकत होतो आणि समोर सौदा चालू होता. ज्यांनी बेदाण्याचा सौदा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, मालाच्या पेट्या रांगेनं मांडलेल्या असतात, व्यापारी एकेका मालापाशी येतात, मूठभर उचलतात, रंग बघतात, दाबून बघतात, एखादा तोंडात टाकतात, आणि उरलेला खाली सोडून पुढं. त्या खाली सोडण्याला उधळण म्हणतात आणि त्यावरनं शेतकऱ्यांची भांडणं वर्षानुवर्षं चाललीत. पोरांचं बोलणं अर्धवट ऐकून काका मधेच म्हणाले, "अरं, वानगी एका पेटीची दावली आन् माल दुसऱ्या पेटीतनं दिला, तर दर कुणाचा धरायचा?" पोरांना कळलं नाही. मला पटकन सायबरपंक आठवला.

सायबरपंक २०७७ हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. बाजारात यायच्या आधी समीक्षकांना खेळायला दिला तो फक्त पीसीवरचा. वर पहिल्या रिव्ह्यूंमध्ये स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायलाही परवानगी नव्हती, कंपनीनं दिलेलाच दाखवायचा. स्कोअर दणकून आले. मग लोकांनी जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर लावला आणि तिथं सगळा खेळखंडोबा. मेटाक्रिटिकवर (सगळीकडचे रिव्ह्यू गोळा करून एकच मार्क काढणारी साइट) आज बघितलं तरी तोच गेम पीसीवर ८६ आणि पीएस४ वर ५७ आहे. सोनीनं आठवडाभरातच आपल्या दुकानातनं काढून टाकला, परत घेतला तो थेट जून २०२१ मध्ये. पीसीवाल्यांनी दिलेले मार्क खोटे नव्हते हो. त्यांनी जी मूठ उचलली ती चांगल्याच पेटीतली होती.

पूरचं उलटं झालं, सरांच्या मुठीत खराब पेटी आली. म्हणून मी पोरांना म्हणलं थांबा, शीट परत बघूया. आणि शीट परत बघताना तो रिकामा चौकोन दिसला.

पोटात गोळा आला म्हणजे काय ते तेव्हा कळलं. कारण हिशोब असा होतो: सर मुळात आलेच नाहीत असं धरून तिघांचेच मार्क घेतले तर पूर ८२.६७, घाट ७९, जवारी ७७.६७. जाहीर निकालाच्या बरोब्बर उलटा क्रम! आणि सरांनी जवारी खेळला असता आणि त्यांच्या त्या दिवशीचे सगळ्यात जास्त, म्हणजे ७०, दिले असते तरी जवारीची सरासरी ७५.७५ येते. परत तिसरा. म्हणजे तिघांचे धरा नाहीतर चौघांचे धरा, जवारी तिसराच येतोय, पहिला येतो तो फक्त एकाच रस्त्यानं, की बाकीच्यांना चौघांनी भागायचं आणि त्याला तिघांनी. कडक माणूस गैरहजर राहिला याचं बक्षीस मिळालं.

पूरची पोरं खूश. मी म्हणलं थांबा, नाचू नका. चौघांचे धरले तर पहिला घाट येतोय, तुम्ही नाही. तुमची तक्रार मशीनची, नुकसान झालंय घाटवाल्यांचं, आणि ते बिचारे आठ हजार घेऊन खुशीत घरी गेलेत.

इथंच मी गप्प बसायला पाहिजे होतं. बसलो नाही, घाटवाल्यांना फोन करून सांगितलं.

त्या आठवड्यात तिन्ही टीम, आयोजक आणि मी, रोज संध्याकाळी काही ना काही वाद. आमच्याकडं कुस्तीच्या मैदानात निकाली कुस्ती असली की बोलायला जागा नसते, पाठ लागली विषय संपला. गुणांवर सुटली की मग रात्रभर चहाच्या टपरीवर पंचाचं काय चुकलं ते चालतं. इथं तर पाव गुणावर सुटलेली. ७६.७५ आणि ७६.५. एवढ्याशा फरकानं जगात कुणाचे पैसे जात नसतील असं वाटत असेल तर फॉलआउट न्यू वेगसचं प्रकरण बघा. २०१० चा गेम, बनवला ऑब्सिडियननं. करारात असं की मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस. आले ८४. हे नंतर २०१२ मध्ये त्यांच्याच ख्रिस अव्हेलोननं उघड सांगितलं. एका मार्कावर बोनस गेला, आणि तो मार्क कुणा एकानं कापलेला पण नाही, कितीतरी जणांच्या सरासरीतनं कुठंतरी गळून पडलेला.

आणि ती सरासरी पण साधी नाही बरं का. मेटाक्रिटिक २००१ पासनं चालू आहे, वेगवेगळ्या ठिकाणचे मार्क शंभरावर आणतात आणि वजन लावून सरासरी काढतात. कुणाच्या रिव्ह्यूला किती वजन ते सांगत नाहीत. यावरनं लोकांचा जुना राग आहे, २०१५ ला ओपनक्रिटिक आलं तिथं साधी सरासरी असते, सगळे सारखे. मी इतकी वर्षं ओपनक्रिटिकच्या बाजूचा. साधी सरासरी म्हणजे कुणालाच वजन नाही, स्वच्छ काम, असं मला वाटायचं.

शीट घेऊन बसल्यावर हा भ्रम गेला. बघा, सरांचे मार्क ४६ ते ७० च्या मधे. पुणेकराचे ६२ ते ८०. शेठचे ८० ते ८४. ताईंचे ३० ते ९४. आता सर कडक आहेत यानं प्रत्यक्षात काहीच बिघडत नाही, सगळ्यांनाच दहा कमी दिले तर सगळेच दहानं खाली, क्रम तोच. (फक्त त्यांनी सगळ्यांना द्यायला पाहिजेत, गाडी पकडायला नको.) बिघडतं ते कोण किती ताणतो यानं. शेठचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात नावडता गेम यात चार मार्कांचं अंतर, ताईंचं चौसष्ट. ढोबळमानानं ताईंच्या पेनात शेठच्या पेनापेक्षा सोळापट जोर. आम्ही कुणीही ठरवलं नव्हतं की ताईंचं मत सोळापट मोलाचं, ते आपोआप झालं. शेठ तर मतदानाला येऊन बोटाला शाई लावून घेतल्यासारखे, मत कुणालाच नाही.

मग पुणेकराला फोन लावला. तो म्हणाला, त्यात काय, प्रत्येकाचे मार्क त्याच्या त्याच्या पट्टीवर ताण, सगळ्यात कमी दिलेला शून्य आणि सगळ्यात जास्त दिलेला शंभर, मग सरासरी काढ. काढली. घाट ८०.१, पूर ६३.९. कुठं पाव मार्काचा फरक आणि कुठं सोळा मार्कांचा! मी खूश झालो, म्हणलं सुटला प्रश्न. मग शेठच्या रांगेकडं नजर गेली. शेठनी पूरला ८२ आणि जवारीला ८३ दिले होते. ताणल्यावर त्याचे झाले ५० आणि ७५. शेठनी एक मार्क जास्त का दिला असेल? मी विचारलं त्यांना. म्हणाले, "पोरी लांबनं आलेल्या, मिरजेस्नं." लांबनं! दहा किलोमीटर! आणि त्याचे आम्ही पंचवीस मार्क करणार होतो. शीट मिटवली.

पुणेकराशी त्या दिवशी बराच वेळ बोललो. त्याला विचारलं तू पूरला ७२ का दिले, तुझ्या लॅपटॉपवर तर मस्त चालत होता. म्हणाला कल्पना नादखुळा आहे पण होडी वळवायला त्रास होतो, म्हणून ७२. मी म्हणलं ७२ म्हणजे चांगले की वाईट? तो हसला. "आमच्यात ७२ म्हणजे वाईटच की रे." हे खरंय, गेमच्या जगात मार्कांचा भाव पडलाय. मेटाक्रिटिकचंच बघा, सिनेमाला ६१ पासनं हिरवा रंग मिळतो, गेमला ७५ पासनं. ७० चा सिनेमा हिरवा आणि ७० चा गेम पिवळा. म्हणजे सर आणि पुणेकर दोघांनी समजा सत्तरच दिले तरी एकानं डोक्यावर घेतलेलं असतं आणि दुसऱ्यानं तोंड वाकडं केलेलं असतं, आणि आम्ही ते दोन सत्तर एकाच रकान्यात बेरजेला घेतले. तो पुढं म्हणाला की पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम २०२० ला आला तेव्हा बहुतेक रिव्ह्यूत चित्रांचं, वातावरणाचं भरभरून कौतुक आणि मारामारीच्या भागाबद्दल कुरकुर. वाचलं तर कळतं कुणी घ्यावा आणि कुणी घेऊ नये. नुसता आकडा बघितला तर दोन्हीचं मिसळून काहीतरी मधलंच येतं, जे कुणाचंच मत नसतं.

जपानच्या फामित्सू मासिकाची पद्धत मला यात सगळ्यात बरी वाटते. चार समीक्षक, प्रत्येकी दहापैकी, बेरीज चाळीसपैकी, पण चौघांचे आकडे सुटे सुटे छापतात आणि प्रत्येकाचे दोन शब्द. १९९८ ला झेल्डाच्या ऑकारिना ऑफ टाइमला पहिल्यांदा चाळीसपैकी चाळीस पडले तेव्हा चौघांनी दहा-दहा दिले हे सरळ दिसत होतं, लपायला जागा नाही. आम्ही पण चार जजच घेतले होते. फक्त स्टेजवरनं वाचून दाखवली ती एकच सरासरी, तीही दोन दशांशापर्यंत, जसं काय सोनं तोलतोय.

आयोजकांपैकी एकानं डोकं लावलं की मार्कच नकोत, पुढच्या वर्षी नुसते शब्द. युरोगेमर या गेमच्या साइटनं हे करून बघितलंय. २०१५ मध्ये दहापैकी मार्क बंद केले, 'घ्याच', 'घ्या', 'टाळा' अशा धाटणीचे शिक्के सुरू केले, आणि २०२३ ला परत तारे आणले, पाचपैकी. शब्दांवर भागत नाही, लोकांना आकडा लागतोच, बक्षीस द्यायचं तर लागणारच. गेम विकणाऱ्या स्टीमवर अंगठा वर किंवा खाली एवढंच असतं, ते एका अर्थी बरं, पण तिथं ९५ टक्के दिसले म्हणजे गेम शंभरपैकी ९५ चा नसतो, शंभरातल्या ९५ जणांना 'चालतंय' वाटला एवढंच. घाटसारखा गेम तिथं कायम जिंकणार. पूरसारखा, ज्यात एक माणूस रडतो आणि एक माणूस वैतागतो, तो मार खाणार.

शेठचा विषय कुणी काढत नव्हतं, मीच काढला. पैसे देणारा जज म्हणून बसावा का? शेठनी काही वाईट केलं नाही, उलट कुणाचंच वाईट केलं नाही म्हणून तर त्यांचे मार्क बिनकामाचे. पण समजा त्यांना एखादा गेम मनापासनं फालतू वाटला असता तर ते म्हणाले असते का, किंवा आम्ही त्यांना म्हणू दिलं असतं का. २००७ च्या नोव्हेंबरात गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमननं केन अँड लिंचला ६ दिले, तेव्हा त्याच गेमच्या जाहिराती त्याच साइटवर झळकत होत्या. त्याला काढून टाकलं. का काढलं ते त्याला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं २०१२ मध्ये. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं तर एक जण म्हणाला, "ती अमेरिका हाय, हितं शेठ चहा पाजत्यात." बरं.

निकाल बदलला नाही. पत्रकावर 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' छापलेलं होतं आणि आयोजकांना ते वाक्य देवासारखं पावलं. घाटवाल्यांनी चार दिवस आदळआपट केली, मग परीक्षा आल्या. पूरवाल्यांपैकी एक जण मला अजून रस्त्यात ओळख देत नाही, आणि त्याचा राग मला कळतो, मशीनचं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि त्याच्या वाट्याला त्यातनं काहीच आलं नाही.

खरी गंमत केली ती मिरजेच्या मुलींनी. त्यांच्या कानावर गेलंच होतं की तुम्ही गाडीमुळं जिंकला. त्यांनी सरांना फोन करून सांगितलं, सर, आमचा गेम खेळायचा राहिलाय तुमचा. सर म्हणाले रविवारी मार्केट यार्डात कामाला येणार आहे तेव्हा बघतो. आले. काकांच्या आडतीवर, वजनकाट्याच्या शेजारी खुर्ची टाकून, पोरींचा लॅपटॉप मांडीवर, कानात मोठा हेडफोन. मला वाटलं दहा मिनिटं बघतील. सुरुवातीला त्यांना काहीच येईना, दोरा सरकवतायत, आवाज बद्द येतोय, परत सरकवतायत. पोरगी हळूच म्हणाली, "सर, डोळे मिटा ना." सरांनी डोळे मिटले. बाजूला हमाल पेट्या उतरवतायत, धप्प धप्प आवाज, बेदाण्याचा तो गोड कुबट वास, आणि मधे हा माणूस डोळे मिटून बसलेला, फक्त बोट हलतंय. मग एकदम भुवया वर गेल्या. लागली. हेडफोनमधनं बाहेर आम्हाला काही ऐकू येत नव्हतं पण त्यांच्या तोंडावरनं कळलं. चाळीस मिनिटं बसले. काकांनी दोनदा चहा पाठवला, दोन्ही गार झाले.

उठल्यावर त्यांनी खिशातनं पेन काढलं, आडतीच्याच एका कोऱ्या पट्टीच्या मागं लिहिलं. ६६. खाली तीन ओळी: आवाजाचं काम उत्तम, नवख्याला काय करायचं ते कळत नाही, पहिल्या पाच मिनिटांत एकदा तरी लागलेली जवारी ऐकवा म्हणजे माणूस शोधत बसेल. मुलींनी तो कागद पोस्टरसारखा जपून ठेवलाय, ट्रॉफीपेक्षा जास्त. हिशोबाला म्हणाल तर ७४.७५, तिसरा. त्यांना विचारलं वाईट वाटलं का, तर मोठी म्हणाली, "दादा, बाकीच्यांनी नुसते मार्क दिले." ताई ऐकायला असत्या तर रागावल्या असत्या. पण त्यांनीही शेऱ्याच्या जागी फक्त 'छान!' लिहिलं होतं, हे मी शीटवर बघितलंय.

यंदाचा फॉर्म मला करायला सांगितला. जज पाच, शेठ प्रमुख पाहुणे, जज नाहीत (ते उलट खूश झाले, सुटलो म्हणाले). सगळे गेम एकाच मशीनवर, आणि ते मशीन कुठलं ते पोरांना पहिल्या दिवशीच सांगायचं. पट्टी आधीच लिहून दिली, ५० म्हणजे चालतो, ७० म्हणजे मित्राला सांगेन, ९० म्हणजे पैसे देऊन घेईन, तरीपण पुणेकर त्याच्याच सवयीनं देणार हे मला माहितीय. ज्यानं गेम खेळला नाही त्याचा चौकोन लाल होतो आणि सरासरी निघतच नाही, खाली 'बाकी' असं येतं. सुटे मार्क भिंतीवर लागणार. पहिल्या दोघांत एका मार्काच्या आत फरक असेल तर जजनी ते दोन गेम परत खेळून बोलून ठरवायचं. आणि प्रत्येक गेमपुढं तीन रकाने: कशावर खेळलात, किती मिनिटं खेळलात, तीन ओळी.

नमुना म्हणून मागच्या वर्षीचे मार्क या फॉर्मवर भरून पाठवा असं सगळ्या जजना कळवलं होतं. पहिला फॉर्म सरांचाच आला. पूरच्या पुढं, कशावर खेळलात: 'लॅबचा डबा'. जवारीच्या पुढं दोन ओळी, एक फेब्रुवारीतल्या त्या दिवसाची आणि एक नंतरच्या रविवारची. रविवारच्या ओळीत मिनिटं ४०. आधीच्या ओळीत मिनिटांच्या रकान्यात लिहिलंय: 'विटा गाडी लागली'.